दादाच्या खिशातला फासा

मित्रांनो, मला वीस बाजू आहेत आणि त्यांतल्या सातच्या आकड्याजवळचा कोपरा उडालेला आहे. तुमच्या सापशिडीच्या डब्यातला सहा बाजूंचा ठोकळा माझा लांबचा नातेवाईक. मी जरा वेगळ्या खेळातला फासा. आता जुना झालो आहे. अंगावरचे पांढरे आकडे पुसट झाले आहेत, पण वाचता येतात. माझा कोपरा कसा उडाला हे सांगायचे तर मला एका माणसाच्या मरणापाशी जावे लागेल. मी सावकाश सांगतो.

एका कारखान्यात गडद निळा, घट्ट रस साच्यात ओतला गेला आणि तो वाळून मी झालो. वाळताना माझ्या पोटात हवेचा एक बुडबुडा अडकला. माल तपासणाऱ्या बाईंनी मला उजेडात धरले, बुडबुडा पाहिला आणि नाक मुरडले. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. बाईंनी मला घाईघाईने चांगल्या मालाच्या खोक्यात टाकले आणि डबा घेऊन त्या निघून गेल्या. असा मी बाजारात आलो. पुढे एका स्टेशनरीच्या दुकानात, काचेच्या बरणीत, खोडरबरांच्या शेजारी मी वर्षभर पडून होतो.

मला विकत घेतले ते दादाने. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या बोटांना कायम वंगणाचा वास असायचा आणि त्याचे तोंड कायम चालू असायचे. लिफ्ट बंद पडली म्हणून चिडलेल्या माणसालाही तो दोन मिनिटांत हसवायचा. दर रविवारी दुपारी तो भूगोलाच्या बाईंच्या घरी खेळायला जायचा. बाई शाळेत भूगोल शिकवायच्या आणि या खेळात सूत्रधार असायच्या.

या खेळात पट नसतो, सोंगट्या नसतात. सूत्रधार गोष्ट सांगतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि त्या पात्राच्या तोंडाने बोलतात. भिंत चढायची आहे, पहारेकऱ्याला पटवायचे आहे आणि जमेल की नाही ते कुणालाच ठाऊक नाही, अशा वेळी मला टाकायचे. मोठा आकडा आला तर जमले, लहान आला तर फसले. बाईंच्या गोष्टीतले शहर पाण्याखाली बुडालेले होते आणि त्याच्या तळघरांतून ही मंडळी वाट काढत होती. बेकरीवाले काका त्यात योद्धा होते. दवाखान्यात काम करणाऱ्या नर्सताई जादूगार होत्या. दादा होता कुलूपतोड्या. नाव कुलूपतोड्या, पण त्याने कुलूप क्वचितच तोडले. तो पहारेकऱ्यांनाच गोड बोलून दार उघडायला लावायचा. "थांबा, मी बोलतो त्याच्याशी," असे तो म्हणाला की काका खुर्चीत मागे टेकून बसायचे.

हेच वाक्य तो घरीही म्हणायचा, धाकट्या बहिणीसाठी. ती सव्वीस वर्षांची होती. बोलली तर इतक्या हळू की दादाने तिचे नाव पुटपुट ठेवले होते. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायची. तिथे फिरते चाक, त्यावर ठिबकणारे पाणी आणि ती एवढेच असायचे. गिऱ्हाईक पुढच्या खोलीत असायचे, म्हणून तिने ते काम धरले होते. बसमध्ये "इथे थांबवा" म्हणायची तिला इतकी धास्ती की दुसरे कुणी उतरेल त्या थांब्यावर ती उतरायची आणि उरलेले अंतर चालत जायची. लोक तिला शिष्ट समजायचे. ती शिष्ट नव्हती. शब्द तिच्या गळ्यापर्यंत येत आणि तिथेच बसून राहत.

आता ते सांगतो.

त्या दिवशी मी दादाच्या शर्टाच्या खिशात होतो. एका सात मजली इमारतीत तो लिफ्टच्या डब्याच्या छतावर उभा राहून काम करत होता. सकाळचे अकरा वाजले होते. तो शीळ घालत होता. ब्रेक सुटला आणि रिकामा डबा पलीकडच्या वजनाने एकदम वर, थेट छतापर्यंत ओढला गेला. शीळ अर्धी राहिली. मी खिशातून उडालो आणि सात मजले खाली, लिफ्टच्या खड्ड्यात पडलो. माझा कोपरा तेव्हा उडाला.

त्या खड्ड्यात मी दोन दिवस होतो. काळे तेल, धूळ, कुणाची तरी पडलेली किल्ली आणि मी. वर माणसे ओरडत होती, धावत होती. मग ती सगळी गेली. पाचव्या मजल्यावरच्या कुणाला तरी काही ठाऊक नसावे. ते बटण दाबत राहिले. दर वेळी वर कुठेतरी घंटी वाजायची आणि काहीच यायचे नाही. मित्रांनो, मी तिथे होतो. काय झाले ते मी पाहिले होते. पण मला तोंड नाही. ती घंटी अजूनही माझ्या पोटातल्या बुडबुड्यात वाजते असे मला वाटते.

तिसऱ्या दिवशी दादासोबत काम करणाऱ्या कारागिराने मला खड्ड्यातून उचलले. दादाचे घड्याळ, पाकीट, फुटलेला फोन आणि मी असे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्याने आईच्या हातात दिले. आईने ती पिशवी न उघडता कपाटात ठेवली.

चार महिने गेले. एका दुपारी भूगोलाच्या बाई घरी आल्या. त्यांच्या हातात दादाचा कागद होता. कुलूपतोड्याची सगळी माहिती त्यावर दादाच्या अक्षरात लिहिलेली होती आणि एका कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग होता. बाई म्हणाल्या, "हा तुमच्याकडेच असायला हवा. आम्ही खेळ थांबवलाय. त्याची खुर्ची तशीच आहे." मग त्यांनी पुटपुटकडे पाहिले. "तू येशील का रविवारी? नुसती बस."

"ती कुणाशी बोलत नाही हो," आई म्हणाली.

पुटपुटने कपाट उघडले, पिशवीत हात घातला आणि मला बाहेर काढले. मूठ मिटून तिने मान डोलावली.

रविवारी ती दादाच्या खुर्चीत बसली. काका आणि नर्सताई मुद्दाम इकडचे तिकडचे बोलत राहिले, पण नजर त्या खुर्चीकडे जाई आणि लगेच वळे. दादा गेला तेव्हा त्यांची गोष्ट एका बंद दारापाशी थांबली होती. दारावर पहारेकरी होता. बाईंनी विचारले, "कुलूपतोड्या काय करतो?" पुटपुटने कागदाच्या चिठ्ठीवर लिहिले, "तो मागे उभा राहतो," आणि चिठ्ठी सरकवली. बाईंनी ती वाचली आणि काही झालेच नाही अशा थाटात गोष्ट पुढे नेली. तीन रविवार असे चिठ्ठ्यांवर गेले. चिठ्ठी लिहायला दहा मिनिटे लागली तर सगळे दहा मिनिटे थांबत. काका तेवढ्यात टेबलावरचे बिस्किटांचे तुकडे बोटाने टिपून खात.

चौथ्या रविवारी पहारेकऱ्याने काकांच्या योद्ध्याला पकडले. बाईंनी पुटपुटकडे पाहिले. तिने पेन उचलले, ठेवले. डोळे मिटले. आणि तोंड उघडले.

"अहो साहेब, थांबा, थांबा. जेवलात का? चेहरा केवढा उतरलाय तुमचा!"

नर्सताईंच्या हातातला कप बशीवर आपटला. आवाज बाईमाणसाचा होता, पण बोलणे दादाचे होते. तोच हेल, तीच 'केवढा'वर ओढलेली मात्रा, शेवटी तेच हसू. तिने मला टाकले. अठरा पडले. पहारेकऱ्याने दार उघडले. कुणीच टाळी वाजवली नाही. काकांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ तो परत घातला नाही.

त्या दिवसापासून पुटपुट बोलू लागली. खेळाच्या टेबलावर ती धबधब्यासारखी बोलायची. हे ऐकून तुम्हाला आनंद होईल. मलाही झाला होता. पण मी तिच्या मुठीत असायचो आणि मला कळायचे की ती बोलत असताना तिची मूठ बर्फासारखी गार पडते.

घरी ती खोलीचे दार लावून दादासारखे बोलण्याचा सराव करायची. एका संध्याकाळी तिने दार उघडले तर आई बाहेर जमिनीवर बसलेली. हात ओले, पदर खांद्यावरून घसरलेला. "थांबलास का रे?" आई म्हणाली. मग भानावर आली. "म्हणजे... थांबलीस का. बोल ना अजून थोडं."

पुटपुट बोलली. नाही कशी म्हणणार? दुसऱ्या दिवशी आईने स्वतःच दार वाजवले. मग रोज पाच वाजता आई खुर्ची घेऊन बसू लागली. ती दादाला भाजीचे विचारायची, शेजाऱ्यांचे सांगायची. पुटपुट दादाच्या आवाजात उत्तर द्यायची. आई हसायची, कित्येक महिन्यांनी पोटभर जेवायची. आणि पुटपुट जेवायला बसली की आई तिच्याकडे बघायचीही नाही. एकदा तिला ताप होता आणि ती गप्प पडून होती. आई दारात येऊन म्हणाली, "आज तो नाही का यायचा?" ती आजारी आहे का, हे आईने विचारले नाही. त्या घरात तेव्हा दोघीच राहत होत्या. पण मला वाटायचे की आई आणि दादा राहतात आणि तिसरे कुणीच नाही.

अशातच पत्र आले. अपघाताची चौकशी संपत आली होती. नातेवाइकांना काही सांगायचे असल्यास अमुक तारखेला हजर राहावे, असे त्यात होते. सोबत दादाच्या सुपरवायझरच्या जबाबाची प्रत होती. मयत कारागिराने ब्रेकविषयी कधीही तक्रार केली नव्हती, अपघात त्याच्याच हलगर्जीपणामुळे झाला, असे सुपरवायझरने सांगितले होते.

हे खोटे होते. अपघाताच्या आदल्या संध्याकाळी दादा जेवता जेवता सुपरवायझरशी बोलत होता. हात खरकटा म्हणून त्याने फोनचा स्पीकर लावला होता. आई शेजाऱ्यांकडे गेली होती. पुटपुट समोर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. दादा म्हणाला होता, "साहेब, ब्रेकचं लायनिंग पार झिजलंय. ते बदलेपर्यंत लिफ्ट बंद ठेवा." पलीकडून उत्तर आले होते, "उद्या एकदा वर चढून बघ, मग ठरवू." ते बोलणे ऐकणारी जगात एकच व्यक्ती उरली होती. आणि तिने ते कुणालाच सांगितले नव्हते, आईलाही नाही. कुणी विचारलेच नव्हते, असे ती स्वतःला सांगायची.

पुढच्या रविवारी ती पत्र घेऊन बाईंकडे गेली. नर्सताईंनी सहज विचारले, "कशी आहेस गं?"

"एकदम फर्स्टक्लास, ताई!" ती म्हणाली.

खेळ सुरू झाला नव्हता. कुलूपतोड्याचा कागदही अजून पिशवीतच होता. नर्सताईंनी तिचा हात धरला. "मी तुला विचारलं. तुला."

पुटपुटचे ओठ हलले. आवाज नाही. मग तिने पत्र टेबलावर ठेवले आणि चिठ्ठीवर सगळी हकिगत लिहिली. फोन, ब्रेक, सगळे. शेवटी लिहिले, "मी तिथे कुलूपतोड्या होऊन बोलेन. तो बोलू शकतो."

बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. "तिथे साक्षीदार हवा आहे," त्या म्हणाल्या. "त्या संध्याकाळी तुझा दादा बोलत होता. ऐकत कोण होतं?"

त्या दिवशी बाईंनी गोष्टीत एक जिना आणला. तो पाण्याखाली जात होता. "कुलूपतोड्याला खाली जायचंय," बाई हळूच म्हणाल्या. "तिथून परत येता येत नाही. पाठवायचं की नाही, ते तू ठरव. इथे फासा नको."

तिने मला टेबलावर ठेवले. काकांनी मान खाली घातली. पुटपुट दादाच्या आवाजात बोलायला गेली, "चला मंडळी..." आणि अडकली. मग तिच्या स्वतःच्या आवाजात, त्या विरलेल्या, कापऱ्या आवाजात म्हणाली, "जाऊ दे त्याला." आणि रडली. मित्रांनो, त्या टेबलावर तिचा आवाज आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मग बाईंनी कोरा कागद पुढे केला. "नवीन पात्र. ते कशात हुशार आहे?"

"ऐकण्यात," ती म्हणाली.

ते पात्र होते एक दिवेवाली. अंधाराला भिणारी, सगळ्यांच्या मागून चालणारी. बाईंनी तिला बुडलेल्या शहराच्या दरबारात नेऊन उभे केले. तिने ऐकलेले तिथे सांगायचे होते. काका न्यायाधीश झाले. एरवी मऊ बोलणारे काका खेकसले, "मोठ्याने बोला! वेळ नाही आम्हाला!" तिने मला टाकले.

मी खूप प्रयत्न केला. दोन पडले.

मला लाज वाटली. बाई म्हणाल्या, "दरबाराने काहीच ऐकलं नाही. लोक हसतायत. दिवेवाली काय करते?" पुटपुट लालबुंद झाली होती. मला वाटले, संपले. पण टेबलावर कुणी हलले नाही. छत कोसळले नाही. गोष्ट तिच्यासाठी थांबून राहिली होती.

"ती... पुन्हा सांगते," पुटपुट म्हणाली.

"मग टाक पुन्हा."

पाच पडले. मग चार. माझ्या उडालेल्या कोपऱ्यामुळे मी तसाही नीट पडत नाही. सातव्या वेळी अकरा पडले आणि काका म्हणाले, "दरबार ऐकतोय." तोवर ती न अडखळता बोलू लागली होती असे नाही. ती अडखळतच होती. अडखळल्यावर पुढचा शब्द कसा शोधायचा, ते तिला आता येत होते.

घरी पाच वाजता आई खुर्चीत येऊन बसली. "बोल रे," म्हणाली.

"आई, तो गेला," पुटपुट म्हणाली. "मी आहे. माझ्याशी बोल."

आई उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिने आतून दार लावून घेतले. दोन दिवस ती लेकीशी बोलली नाही. ते दोन दिवस त्या घरात पाय ठेवायला भीती वाटावी असे होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने विचारले, "ताप उतरला का तुझा?" ताप येऊन गेल्याला महिना झाला होता. पुटपुट म्हणाली, "उतरला."

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होते, झाकण ठेवलेला पाण्याचा पेला होता आणि टाइप करणारा एक कारकून होता. समोर अधिकारी. बाजूला सुपरवायझर, इस्त्रीच्या शर्टात. मी पुटपुटच्या मुठीत होतो.

तिने सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्यात आवाज गेला. अधिकारी म्हणाले, "ऐकू येत नाहीये, बाई. जरा मोठ्याने." ती पुन्हा बोलली. कारकुनाने भलतेच टाइप केले. सुपरवायझर किंचित हसला आणि म्हणाला, "साहेब, त्यांची मनःस्थिती ठीक नाही. राहू द्या." अधिकाऱ्यांनी पेनाचे टोपण लावले. "आठवत नसेल तर काही हरकत नाही."

"आठवतंय," ती म्हणाली. "मला हळूच बोलता येतं. तुम्ही पंखा बंद करा."

कारकून उठला आणि त्याने पंखा बंद केला.

तिने सगळे सांगितले. दादा काय म्हणाला, पलीकडून काय उत्तर आले, तेव्हा तिच्या हातात कुठला कपडा होता. तीन वेळा अडली, तिन्ही वेळा मागे जाऊन पुन्हा सुरू केले. अधिकाऱ्यांनी सुपरवायझरला विचारले, "त्या संध्याकाळी फोन झाला होता?" तो म्हणाला, "नाही." अधिकाऱ्यांनी फोन कंपनीकडून नोंद मागवायला सांगितली. नोंदीत चार मिनिटांचा फोन निघाला.

दीड महिन्याने निकालाचा कागद आला. झिजलेल्या ब्रेकची सूचना मिळूनही लिफ्ट बंद ठेवली नाही, असा ठपका सुपरवायझरवर होता. दादाच्या नावापुढचा हलगर्जीपणा हा शब्द काढून टाकला होता. दादा त्याने परत आला नाही. आईने पुटपुटला तो कागद मोठ्याने वाचायला लावला. ती तिच्या आवाजात वाचत होती आणि आई तिच्या तोंडाकडे बघत ऐकत होती.

त्यानंतर एका दुपारी ती मला घेऊन त्या सात मजली इमारतीत गेली. तेलाचा वास मी लगेच ओळखला. ती दारापाशी दहा मिनिटे उभी राहिली. लोक आले, गेले. शेवटी भाजीच्या पिशव्या घेतलेल्या एका आजींसोबत ती आत शिरली. दार बंद झाले.

"कितवा गं?" आजींनी विचारले.

"सातवा," ती म्हणाली. मग आपणहून, "माझा भाऊ ही लिफ्ट दुरुस्त करायचा."

आजी वळल्या. "तो शीळ घालणारा? अगं, माझ्या पिशव्या दारापर्यंत आणून द्यायचा तो." आजींचा मजला तिसरा होता. त्या उतरल्या नाहीत. सातव्यापर्यंत आल्या, परत तिच्यासोबत खाली गेल्या आणि सगळा वेळ दादाबद्दल सांगत राहिल्या. पुटपुट विचारत होती, त्या सांगत होत्या.

मित्रांनो, मी अजूनही दर रविवारी बाईंच्या टेबलावर असतो. दादाच्या खुर्चीत आता कुणीही बसते. पुटपुट अजून हळूच बोलते आणि बसमधून कधीकधी अजूनही भलत्याच थांब्यावर उतरते. माझ्यासारख्या कोपरा उडालेल्या फाशाला फेकून दिले नाही याबद्दल मी या मंडळींचा ऋणी आहे. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात असे कुणी गप्प बसलेले असेल. त्याच्या वतीने उत्तर देऊन टाकू नका, त्याला शिष्ट म्हणू नका. त्याला खेळायला बोलवा आणि बसायला खुर्ची द्या. त्याने तोंड उघडले की खिडकी लावून घ्या, रस्त्याचा आवाज आत येतो. मग ऐका.